जातीचा रकाना वाचून झाला, आता वयाचा वाचा

गेल्या दोन-तीन वर्षांत तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांना जेवढी गर्दी झाली तेवढी क्वचितच कधी झाली असेल. कारण सर्वांना ठाऊक आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, मोडी वाचता येणाऱ्या माणसाला एकाएकी भाव आला आणि पाहता पाहता पन्नास लाखांवर नोंदी सापडल्याचं सरकारने जाहीर केलं. निफाड, सिन्नर, येवला, चांदवड, कुठेही जा. खापरपणजोबांचं नाव आणि त्यापुढचं ‘कु.’ शोधणारी माणसं भेटायची. ते मिळालं की नक्कल काढायची, शिक्का घ्यायचा आणि घर गाठायचं. दप्तर पुन्हा बासनात.

आरक्षणाच्या वादात मला इथे शिरायचं नाही. माझी तक्रार दुसरीच आहे. शंभर-सव्वाशे वर्षांचे जन्म-मृत्यू आपण फडताळातून बाहेर काढले, त्यांची धूळ झटकली, स्कॅन केले, आणि जातीच्या रकान्यापलीकडे काही वाचलंच नाही. गाव नमुना नंबर चौदा, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. त्यात मेलेल्याचं नाव असतं, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, तारीख असते, वय असतं आणि कशाने गेला तेही असतं. ज्या समाजात ‘आमच्याकडे पूर्वी तीस माणसांचं कुटुंब होतं’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीपासून विधानसभेपर्यंत सर्रास ऐकू येतं, त्या समाजाने हे रकाने न वाचता मिटून ठेवावेत याची मला गंमत वाटते. गंमत म्हणजे चीडच.

कारण त्या वाक्यावर आज बरंच काही उभं आहे. म्हाताऱ्यांना कोण सांभाळणार, हा प्रश्न निघाला की उत्तर येतं, ‘एकत्र कुटुंब पद्धत मोडली ना!’ बहिणीने शेतात हिस्सा मागितला की म्हणतात, कायद्याने घरं फोडली. आता तर मुलं जास्त व्हायला हवीत असंही व्यासपीठांवरून ऐकू येऊ लागलं आहे. या सगळ्यांच्या डोक्यात भूतकाळाचं एकच चित्र असतं: चौसोपी वाडा, ओसरीवर आजोबा, माजघरात आजी, चार मुलगे, चार सुना, पोरांचा गलका. हे चित्र काही घरांचं होतं, नाही असं नाही. पण ब्रिटिश अमदानीतल्या नाशिक जिल्ह्याचं सर्वसाधारण घर असं होतं, हे कुणीही मोजून दाखवलेलं नाही. जे मोजलं गेलं ते या चित्राच्या विरोधात जातं.

१९११ च्या खानेसुमारीत सबंध हिंदुस्थानात दर घरामागे माणसं निघाली ४.९. एकत्र कुटुंबाचं माहेरघर म्हणून ज्याची ख्याती त्या देशात! युरोपातल्या घरांचा आकडाही जवळपास तेवढाच होता. शंभर वर्षांनी, २०११ च्या जनगणनेत, आकडा पुन्हा पाचाच्या जरा खालीच. १९११ ला ‘घर’ मोजलं होतं आणि २०११ ला ‘एका चुलीवर जेवणारं कुटुंब’, त्यामुळे दोन्ही आकडे एकमेकांवर जसेच्या तसे ठेवता येत नाहीत. तरीही चढाच्या टोकावरून उतरत आलो आहोत ही जी आपली ठाम समजूत आहे, तिला या आकड्यांत आधार नाही.

आता कोणी म्हणेल, त्या काळी बायकांना आठ-आठ, दहा-दहा मुलं होत, मग घर पाच माणसांचं कसं? उत्तर त्या वयाच्या रकान्यात आहे. जन्मायची पुष्कळ, उरायची थोडी. लोकसंख्याशास्त्रज्ञांनी खानेसुमाऱ्यांवरून काढलेला अंदाज असा, की १८९१ ते १९०१ या दशकात हिंदुस्थानात जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुर्मान चोविसाच्या आत होतं आणि १९११ ते १९२१ मध्ये ते विसावर आलं. म्हणजे सगळे विशीत मरत असत असं नव्हे. पाळण्यातच मोठी गळती होई, त्यातून निभावला तो बराच जगे. पण निभावून साठी गाठणारे इतके थोडे, की नातवाच्या लग्नाला आजा हजर असणं हा नवसाचा भाग होता. तीन पिढ्यांचं कुटुंब राहायला आधी तीन पिढ्या जिवंत लागतात. हे इतकं उघड आहे की ते लिहावं लागतं याचीच लाज वाटते, पण एकत्र कुटुंबावरच्या व्याख्यानांत आयुर्मान हा शब्द मी कधी ऐकलेला नाही.

नाशिक जिल्ह्याचे आकडे पाहा. हा जिल्हा १८६९ साली खानदेश आणि अहमदनगर यांचे तुकडे जोडून वेगळा केला गेला. १८८१ साली इथे सुमारे ७ लाख ८१ हजार माणसं होती. १८९१ ला ती ८ लाख ४० हजारांच्या पुढे गेली. आणि १९०१ ला? ८ लाख १६ हजार. दहा वर्षांत वाढ तर नाहीच, तीन टक्क्यांची घट. नाशिक शहराची वस्ती त्या साली होती २१,४९०. आज एखाद्या प्रभागात याहून जास्त लोक राहतात. मधल्या दहा वर्षांत काय झालं ते वेगळं सांगायला नको: १८९६-९७ चा दुष्काळ, त्याच सुमारास मुंबईतून रेल्वेने आत शिरलेला प्लेग, आणि या सगळ्यावर कळस म्हणून १८९९-१९०० चा दुष्काळ.

आकड्यांनी घर दिसत नाही, म्हणून सार्वजनिक नोंदीतलं एक घर घेऊ. भगूरचं सावरकरांचं. पुढच्या राजकारणाशी इथे मला कर्तव्य नाही. घर म्हणून पाहा. १८९२ मध्ये आई पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने गेली. १८९९ मध्ये वडील प्लेगने गेले, पाठोपाठ चुलतेही. धाकट्या भावाला गाठ आली, त्याची शुश्रूषा करता करता थोरल्यालाही. दोघे वाचले हे नशीब. सात वर्षांत घरातली वडीलधारी पिढी पुसली गेली आणि विशीतला गणेश, म्हणजे बाबाराव, कर्ता झाला. त्याची बायको येसूवहिनी त्या दिरांची आईच झाली. बाहेरून पाहणाऱ्याला हे भावाभावांचं एकत्र कुटुंब दिसेल. पण ते कुठल्या संस्कृतीच्या आदर्शाने एकत्र राहिलं नव्हतं. मोठी माणसं मेली आणि लहानांना दुसरं कोणी नव्हतं, म्हणून एकत्र होतं.

दुसरं घर त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांचं. गोध्र्याला छायाचित्रकाराचा धंदा करीत असताना प्लेगने त्यांची पहिली बायको आणि मूल दोन्ही नेली. त्यांनी नंतर दुसरं लग्न केलं, संसार पुन्हा मांडला. यात वावगं काहीच नाही. पण हाच प्रसंग उलटा झाला असता, फाळके गेले असते आणि बायको मागे राहिली असती, तर ब्राह्मण घरातल्या त्या बाईपुढे काय होतं हे आपल्याला माहीत आहे. केशवपन, आलवण आणि दिराच्या नाही तर भावाच्या घरातला स्वयंपाक. ‘आमच्या वाड्यात पंचवीस पानं उठायची’ असं अभिमानाने सांगितलं जातं, त्या पानांत रोज मागाहून, एकदाच जेवणारी एक दोन पानं अशी असत. एकत्र कुटुंबाच्या गौरवगाथेत ती मोजली जातात, पण ती का तिथे होती हे सांगितलं जात नाही.

कुणबी, माळी, वंजारी, कोळी या समाजांत गोष्ट वेगळी होती. तिथे पाट लागत असे. नवरा मेलेली तरणी बाई दुसरं घर करी, समाजाला त्यात विशेष काही वाटत नसे. एवढ्या मरणांत ज्यांना शेतं कसायची होती त्यांना बाईला पंधराव्या वर्षी अडगळीत टाकणं परवडणारं नव्हतं. म्हणजे जिल्ह्यात एक कुटुंबपद्धती अशी नव्हतीच. आणि मला वाटतं साम्राज्याच्या राजवटीने सगळ्यात खोल ठसा उमटवला तो इथे.

कंपनी सरकारने १८१८ मध्ये पेशवाई बुडवली तेव्हा इथल्या रीतीभाती त्यांना ठाऊक नव्हत्या. पुण्यात आर्थर स्टील नावाच्या अधिकाऱ्याने जातवार रिवाज विचारून विचारून उतरवून घेतले, आणि मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या नियमांत तर धर्मशास्त्राच्या आधी रिवाज पाहा असं लिहिलेलंही होतं. कागदावर उत्तम. पण हायकोर्टं आली, वकील आले, मिताक्षरा या जुन्या संस्कृत धर्मशास्त्रग्रंथाचं इंग्रजी भाषांतर हाताशी आलं आणि हळूहळू प्रत्येक हिंदू घराला एकाच साच्यातून बघण्याची सवय न्यायासनाला लागली. १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा आपण सुधारणेचा म्हणून शाळेत शिकतो. त्याचं दुसरं कलम मात्र शिकवत नाहीत. विधवेने पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपला, असं ते कलम सांगतं. ज्या जातींत पुनर्विवाहाला मुळात बंदीच नव्हती, ज्यांना या कायद्याची गरजच नव्हती, त्यांनाही हे कलम लागू आहे, असा निर्णय मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने ‘विठू विरुद्ध गोविंदा’ या खटल्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिला. अलाहाबादच्या हायकोर्टाने याच मुद्द्यावर नेमका उलटा पवित्रा घेतला होता. म्हणजे वेगळं वाचणं शक्य होतं. मुंबईने ते केलं नाही.

निकालाचा काळ लक्षात घ्या. दुष्काळ आणि प्लेग यांनी इलाख्यात विधवांची संख्या वाढवली ती याच वर्षांत. शेत हवं तर विधवा म्हणून राहा, दुसरा नवरा हवा तर शेत सोड, हा पर्याय निफाड-सिन्नरच्या कुणबिणीपुढे साहेबाच्या कोर्टाने ठेवला. मग घरात जमीन राहावी म्हणून सुनेला थोरल्या जावेच्या हाताखाली ठेवून घेणं सासरच्यांच्या फायद्याचं झालं. आपण ज्याला ‘आपली प्राचीन एकत्र कुटुंब पद्धत’ म्हणतो तिच्यातला काही भाग असा, एका निकालाच्या सावलीत, दीडशे वर्षांच्या आत तयार झालेला आहे. किती भाग, हे गावागावांतल्या नोंदी वाचल्याशिवाय कळणार नाही. म्हणून तर मी त्या नोंदींच्या मागे लागलो आहे.

महसूल खात्याची तऱ्हा तर याहून मजेची. रयतवारीत सरकारला सारा भरायला एक माणूस लागे. सर्व्हे नंबर पाडले, प्रत्येकावर आकार बसवला आणि खातेदार म्हणून एका पुरुषाचं नाव घातलं. त्याच इमारतीच्या दुसऱ्या दालनात बसलेलं न्यायखातं म्हणत होतं, ही मिळकत एकट्याची नाही, कुटुंबाची आहे. एक दार व्यक्ती बनवत होतं, दुसरं कुटुंब. या भांडणातून जे बाहेर आलं ते आजही सातबारावर दिसतं. जुने फेरफार काढा, नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.पु.’ अशी तीन अक्षरं सापडतील. एकत्र कुटुंब मॅनेजर, एकत्र कुटुंब पुढारी. थोरल्या भावाचं नाव वर, बाकी भाऊ त्या तीन अक्षरांच्या पोटात, आणि बहिणी व आई? त्या अक्षरांतही नाहीत. कुळाचा मोठेपणा सांगणाऱ्या किती घरांत हीच तीन अक्षरं पुढे वीस वर्षांच्या दाव्याचं कारण झाली ते नाशिकच्या सिव्हिल कोर्टात कुठल्याही जुन्या वकिलाला विचारा. आयकर खात्यात हिंदू अविभक्त कुटुंब अजून स्वतंत्र करदाता आहे. १९२२ च्या इंग्रजी कायद्यातून ते स्वतंत्र भारताच्या १९६१ च्या कायद्यात जसंच्या तसं आलं. शहरात वेगवेगळ्या फ्लॅटमध्ये राहणारे भाऊ रिटर्न भरताना अविभक्त असतात, आणि मळ्यात एका विहिरीवर पाळीपाळीने मोटर लावणारे भाऊ तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज करून आलेले असतात.

हे मी थट्टेने लिहीत नाही. निफाडकडच्या द्राक्षपट्ट्यात गेलं तर कुटुंबाचा जो प्रकार दिसतो त्याला आपल्या वादात नावच नाही. तीन भावांचे तीन बंगले, तीन चुली. पण बाग एक, ट्रॅक्टर एक, सोसायटीचं कर्ज थोरल्याच्या नावावर, फवारणीचं वेळापत्रक धाकटा सांभाळणार, गोडी बहराच्या छाटणीला सगळे एकत्र. जनगणनेत ही तीन कुटुंबं. सातबारावर एक. घरातल्या बाईला विचारलं तर ‘आम्ही वेगळे आहोत पण वेगळे नाही’. असं मधलं राहणं नवं आहे असं समजायचं कारण नाही. बाप असेपर्यंत एकत्र, बाप गेला की काही वर्षांत वेगळे, मग आपापली मुलं मोठी झाली की पुन्हा तेच, असं चक्र बहुधा आधीपासून चालत आलं आहे. फरक एवढाच की १९०० साली बाप तिशी-चाळिशीत जाई, म्हणून एकत्र राहण्याचा टप्पा आखूड. आज बाप पंच्याहत्तरीत मळ्यातून चक्कर मारून येतो. टप्पा लांबला. म्हणजे आजीच्या मांडीवर वाढणारी मुलं पूर्वी जास्त होती की आता, या प्रश्नाचं उत्तर आपण गृहीत धरतो तितकं सोपं नाही, आणि माझा कौल ‘आता’ला आहे.

जिल्ह्याच्या इतर भागांत चित्र आणखी निराळं. मालेगावचे मोमीन विणकर एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडून आले. मागावर घरातला प्रत्येक हात लागतो, बायका-मुलं कांड्या भरतात, तेव्हा घर मोठं असणं हा धंद्याचा हिशेब होता. पेठ-सुरगाण्याकडच्या कोकणा आणि वारली घरांत मुलीच्या बापाकडे राबून लग्न करायची, घरजावई राहायची रीत होती; तिथे सून सासरी येते हे सूत्रच पुरतं लागू पडत नाही. इगतपुरी हे तर थळ घाटातल्या रेल्वेने वाढवलेलं गाव, नोकरीवरच्या पुरुषांचं. देवळालीला छावणी. हे सगळं एका ‘पूर्वीच्या कुटुंबपद्धती’त कोंबायचं म्हणजे फारच झालं.

आणि मग १९१८. पहिल्या महायुद्धाच्या शेवटाला आलेला इन्फ्लुएन्झा. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या काही आठवड्यांत एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून जास्त माणसं मेली. प्लेगच्या भीतीने गाव सोडून रानात झोपड्या घालायची लोकांना सवय होती, पण या तापाला झोपडी उपयोगाची नव्हती. हा रोग विशेषकरून भर तारुण्यातली माणसं उचलत होता, त्यातही बायका जास्त. १९२१ च्या खानेसुमारीत सबंध देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा किंचित कमीच निघाली. त्यानंतर मात्र ती कधी घटली नाही. दुष्काळी कामं, पटकीवरची देखरेख, देवीची लस, पाटबंधारे, कशाला किती श्रेय द्यायचं यावर जाणकारांत वाद आहेत. इथे दारणा धरण १९१६ चं, नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा त्याच्याही आधीचा. पण १९२१ नंतर मरण मागे सरलं हे नक्की.

आता मोठ्या कुटुंबाच्या आठवणी सांगणारी पिढी कोणती ते आठवा. आज सत्तरी-ऐंशीत असलेली. १९४५ ते १९६० च्या दरम्यान लहान असलेली. त्यांनी घरात आठ भावंडं, दोन काका, आजी असं पाहिलं ते खरंच. पण तो इतिहासातला एक विशिष्ट काळ होता. मृत्यू कमी झाला होता, जन्म अजून कमी झाले नव्हते. अशी भरलेली घरं त्याआधी एवढ्या प्रमाणात नव्हती आणि त्यानंतर राहणं शक्य नव्हतं. तीस-चाळीस वर्षांच्या त्या खिडकीतून जे दिसलं त्याला आपण सनातन समजून बसलो. माझ्या आजीच्या पिढीने हे चित्र रंगवलं नाही. तिच्या तोंडी ‘गेलेल्यांची’ मोजदाद जास्त असे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मोजलेल्या पाच माणसांतून नातेसंबंधांची ऊब कळत नाही. शेजारच्या घरात चुलता असेल, हाकेच्या अंतरावर भाऊबंदकी असेल, तर चूल वेगळी असून काय फरक पडतो? खरं आहे. भाऊबंद मौतीला धावून येत, पेरणीला बैल देत. पण भाऊबंदकी या शब्दाला मराठीत भांडणाचा वास उगीच आलेला नाही. आणि मुद्दा ऊब होती की नव्हती हा नाहीच. मुद्दा असा, की त्या ऊबेचा हवाला देऊन आज कोणावर काय ओझं टाकलं जातंय.

ओझं कोणावर, ते दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एक सकाळ काढली की दिसतं. हक्कसोडपत्र करायला भावांच्या गाडीतून बहिणी येतात. अंगठ्याचा ठसा, फोटो, सह्या, मग बाहेर रसवंतीवर सगळ्यांना रस. साडीचोळी घरी. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, केंद्राने २००५ ला तेच केलं. तीस वर्षं झाली. तरी हक्कसोड हा ‘माहेर टिकवायचा’ खर्च समजला जातो. आणि आईबापांच्या आजारपणात? तीच बहीण सिव्हिल हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर डबा घेऊन बसलेली असते, नाही तर सून. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा निर्वाहाची जबाबदारी मुलांवर आणि मिळकत ज्याला जाणार त्या नातेवाइकांवर टाकतो, प्रांताधिकाऱ्याकडे दाद मागता येते. जाणारे थोडेच; कारण ‘घरातलं घरात’. एकत्र कुटुंब मोडल्याचा शोक करणाऱ्या पुढाऱ्याला एकदा विचारावंसं वाटतं: तालुक्याला एक धड वृद्ध-शुश्रूषा केंद्र तुम्ही का काढत नाही? सूनबाई आहेत ना, हेच त्याचं न बोललेलं उत्तर असतं. आणि त्या उत्तराला इतिहासाची साक्ष काढली जाते, जी साक्ष कुणी तपासलेली नाही.

तपासायची साधनं नाशकात जेवढी आहेत तेवढी फार थोड्या गावांत असतील. तहसीलमधलं चौदा नंबर तर आहेच. पंचवटी आणि त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. रामकुंडावर अस्थी घेऊन आलेल्या माणसाला गुरुजी गाव विचारतात, कूळ विचारतात, लाल बासनातली वही काढतात आणि त्याच्या आजोबाने सही केलेलं पान समोर धरतात. पिढ्यान्‌पिढ्या कोण कधी आलं, कोणासाठी आलं, मागे कोण राहिलं, याचा एवढा माग दुसरीकडे सापडणं मुश्कील. त्या वह्यांतही मुली बहुतेक गळलेल्या; तेही एक वाचायलाच हवं असं वास्तव. या वह्या खाजगी आहेत, उपजीविकेचं साधन आहेत, त्यावर सरकारने झडप घालावी असं मी म्हणणार नाही. मालकांच्या संमतीने, मोबदला देऊन, २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते आणि घाट यांवर जो खर्च चाललाय त्याचा चिमूटभर भाग वळवला तर पुरेल.

चौदा नंबर मात्र सार्वजनिक दप्तर आहे, तिथे अडचण फक्त इच्छेची. त्या नोंदींत खोट आहे, हे मान्य. मेलेली सगळी पोरं लिहिली गेली नाहीत, मुली तर नाहीतच. बाईच्या जागी ‘अमक्याची बायको’ एवढंच. मरणाच्या कारणांचे वरून आलेले ठरावीक रकाने: पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, अपघात, इतर, त्यामुळे ‘ताप’ या एका शब्दात हिवतापापासून १९१८ च्या इन्फ्लुएन्झापर्यंत सगळं गडप झालं. गावोगाव मयताची खबर पायी पोचवायचं काम ज्या महार वतनदारांवर होतं, त्यांच्या वस्तीतल्या मयतांची नोंद तेवढ्याच निगुतीने झाली का, हाही प्रश्नच. पण खोट असलेली साधनं वाचायची रीत असते. लोणी हे पुण्याजवळचं गाव १८१९ मध्ये थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने तपशिलाने लिहून ठेवलं आणि सव्वाशे वर्षांनी गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तेच गाव पुन्हा अभ्यासलं. एका गावाचं दोनदा मोजमाप झालं तर त्यावर आजतागायत चर्चा होते. आपल्याकडे तर शेकडो गावांची पानं तयार पडली आहेत.

त्यासाठी नवं खातं नको. कुणबी नोंदींसाठी जे मोडी वाचक नेमले, ज्यांना तालुक्यातली हस्ताक्षरं आता ओळखीची झाली आहेत, त्यांना आणखी दोन वर्षं कामावर ठेवा. स्कॅन झालेल्या पानांतून नाव आणि जात झाकून गाव, साल, महिना, लिंग, वय, कारण एवढे सहा रकाने देवनागरीत उतरवा आणि कोणालाही पाहता येतील असे खुले करा. १८९६ ते १९२१ ही पंचवीस वर्षं आधी घ्या. निफाड आणि सिन्नर इथे दप्तर बरं आहे म्हणून तिथून सुरुवात होईल, तशी झाली तरी हरकत नाही. पण पेठ आणि सुरगाणा शेवटी ठेवू नका. सुरगाणा तर संस्थान होतं, तिथलं दप्तर इंग्रजी जिल्ह्यातल्यासारखं असणारच नाही. जे काही कागद असतील ते उधईच्या आधी गाठावे लागतील.